पक्षाघातानंतर काम बंद पडलं तर कोणता अर्ज आधी, कोणता नंतर

प्रश्न असा आहे: पती 46 वर्षांचे, एमआयडीसीतल्या कारखान्यात 8 वर्षं वेल्डर, पगार 19,000. चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय लुळा, बोलणं अडखळतं. डॉक्टर म्हणतात वेल्डिंगचं काम आता होणार नाही. कंपनी राजीनामा लिहून मागते आहे. एक एजंट "पीएफ आणि पेन्शनचे सगळे पैसे काढून देतो" म्हणतो. तहसीलला निराधार योजनेचा अर्ज द्यायला गेलो, तर "आधी अपंगत्वाचा दाखला आणा" म्हणून परत पाठवलं. आता नेमकं काय करायचं?

ताई, सगळ्यात आधी दोन गोष्टी थांबवा. राजीनाम्यावर सही (किंवा अंगठा) होऊ देऊ नका, आणि एजंटाला आधारचा ओटीपी सांगू नका. तहसीलचा अर्ज तुमच्या बाबतीत सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधी ज्या दोन ठिकाणांहून जास्त पैसे मिळू शकतात, ती एका सहीनं कायमची बंद होऊ शकतात.

"काम करता येत नाही" हे एकच कारण दाखवून सगळीकडे पैसे मिळतील असं लोकांना वाटतं. तसं नाही. प्रत्येक खातं वेगळी गोष्ट मोजतं. सिव्हिल हॉस्पिटलचं बोर्ड शरीराची हानी टक्क्यांत मोजतं, तुम्ही वेल्डर होता की कारकून याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पीएफ कार्यालय पाहतं की, जे काम करत होता त्याच कामाला कायमचे अपात्र झालात का. ईएसआय (पगारातून वर्गणी कापली जाते ती कामगार राज्य विमा योजना) पाहतं की आजारपणामुळे आज कामावर जाता येतं का. आणि तहसील पाहतं घरचं उत्पन्न. म्हणून एका ठिकाणी नकार मिळाला म्हणजे सगळीकडे नकार, असं धरून चालू नका.

आता सुरुवात ईएसआयपासून. पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसते का ते बघा. महिना 21,000 पर्यंत पगार असलेले कामगार यात येतात (दिव्यांग कामगाराला 25,000 पर्यंत), त्यामुळे 19,000 वर कपात व्हायलाच हवी. विमा क्रमांक पगारपत्रकावर किंवा पहचान कार्डावर असतो. साधा आजारपणाचा लाभ म्हणजे सरासरी रोजच्या वेतनाच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी संबंधित अंशदान काळात (वर्गणी मोजण्याच्या सहा महिन्यांत) किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. हे काळ ठरलेले आहेत: एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा.

बहुतेक घरं या 91 दिवसांवर थांबतात, आणि खरं नुकसान इथेच होतं. ईएसआयची 34 दीर्घ आजारांची यादी आहे. त्यात शरीराची एक बाजू लुळी पडणं येतं. या यादीतल्या आजाराला विस्तारित आजारपण लाभ मिळतो, वेतनाच्या 80 टक्के, टप्प्याटप्प्यानं वाढवत एकूण 2 वर्षांपर्यंत. अट अशी की, विमायोग्य नोकरीत 2 वर्षं झालेली हवीत आणि आधीच्या चार अंशदान काळांत मिळून किमान 156 दिवसांची वर्गणी हवी. 8 वर्षांच्या सलग नोकरीत हे सहज बसतं. 19,000 पगारावर 80 टक्के म्हणजे महिन्याला साधारण 15,200. निराधार योजनेच्या 2,500 शेजारी हा आकडा ठेवून पाहा, म्हणजे क्रम का महत्त्वाचा ते लक्षात येईल.

हा लाभ आपोआप सुरू होत नाही. ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा दाखला लागतो, खाजगी हॉस्पिटलचा चालत नाही. तुमच्यासारख्या केसमध्ये झटका आला की लोक जवळच्या खाजगी दवाखान्यात पळतात, ते बरोबरच आहे, पण मग चार-चार महिने ईएसआयकडे फिरकतच नाहीत. डॉक्टर मागच्या तारखेचा दाखला देत नाहीत. त्यामुळे खाजगी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन याच आठवड्यात दवाखान्यात जा. आजपासूनचा दाखला घ्या, आणि मागच्या काळासाठी ही कागदपत्रं पर्यायी पुरावा म्हणून शाखा कार्यालयात लेखी अर्जाबरोबर द्या. पुढचे दाखले खंड न पडता घेत राहा. मधे दोन आठवड्यांची फट राहिली की तेवढे पैसे गेले, आणि ते मागाहून वसूल करायला फार त्रास होतो.

झटका ड्यूटीवर असताना, भट्टीजवळ किंवा सलग दोन पाळ्या करताना आला असेल, तर कंपनीकडून अपघात अहवाल भरून घ्या. कामाशी त्याचा संबंध होता का ते ईएसआय ठरवेल, पण अहवालच नसेल तर ठरवायला काही उरत नाही. कामामुळे झालेली इजा मानली गेली, तर तात्पुरत्या असमर्थतेत 90 टक्के वेतन मिळतं, त्यासाठी वर्गणीच्या दिवसांची अट नसते, आणि पुढे कायमची असमर्थता ठरली तर कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम चालू राहते.

आता पीएफ. पगारातून कापला जाणारा पीएफ वेगळा आणि मालकाच्या हिश्श्यातून जमणारी पेन्शन, म्हणजे ईपीएस-95, वेगळी. सर्वसाधारणपणे पेन्शनसाठी 10 वर्षं नोकरी लागते. ती नसेल तर फॉर्म 10सी भरून पेन्शनची जमा रक्कम काढून घेता येते. तुमचा एजंट हेच करणार आहे, कारण 8 वर्षं झाली आहेत आणि त्याला त्याचं कमिशन लगेच मिळतं. पण नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर 10 वर्षांची अट लागू नाही. फक्त एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी आयुष्यभराची पेन्शन मिळते, आणि त्यांच्या पश्चात पत्नीला व 25 वर्षांखालच्या दोन मुलांना कुटुंब पेन्शन. "पूर्ण अपंगत्व" म्हणजे अंथरुणाला खिळलेलं असणं नव्हे. ते ज्या कामावर होते त्या कामासाठी कायमचे अपात्र झाले का, हे वैद्यकीय मंडळ तपासतं. उजव्या हातानं वेल्डिंगची टॉर्च धरता येत नसलेला वेल्डर या व्याख्येत बसू शकतो, मग त्याच्या दाखल्यावर 50 टक्के असोत की 60.

एकदा 10सी मंजूर झाला की हा हक्क संपतो. परत पैसे भरून तो मिळवता येत नाही.

रक्कम किती? पेन्शनसाठी धरला जाणारा पगार (कमाल 15,000) गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. तुमच्याकडे 15,000 धरला तर 15,000 × 8 ÷ 70, म्हणजे सुमारे 1,714 रुपये महिना. हिशोब कितीही कमी आला तरी किमान 1,000 मिळतात. रक्कम मोठी नाही हे खरं आहे, पण ती आयुष्यभराची आहे आणि तुमच्या नावानं पुढे चालणारी आहे. अर्ज फॉर्म 10डी वर करायचा. पीएफची स्वतःची जमा रक्कम मात्र फॉर्म 19 नं काढता येते, त्यानं पेन्शनला धक्का लागत नाही. कायमच्या असमर्थतेमुळे नोकरी सुटली असेल तर नेहमीची काही महिने थांबण्याची अटही लागत नाही.

यात एक बारीक जागा आहे, जिथे अनेक चांगले दावे अडकतात. कंपनी जेव्हा पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकते, तेव्हा कारणही निवडावं लागतं: सेवानिवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व, किंवा नुसतीच नोकरी संपली. एचआरमधला माणूस सवयीनं शेवटचं कारण निवडतो. राजीनामा दिलेला असेल तर तो तेच निवडणार, त्याचीही चूक नाही. मग पीएफ कार्यालय विचारतं, अपंगत्व नोकरीत असताना आलं हे कशावरून? म्हणून कंपनीला राजीनाम्याऐवजी पत्र द्या: "अमुक तारखेला पक्षाघात झाल्यामुळे मी वेल्डरचं काम करण्यास कायमचा असमर्थ झालो आहे. वैद्यकीय कागदपत्रं जोडली आहेत. वैद्यकीय असमर्थतेच्या कारणानं सेवा समाप्तीची नोंद करावी." हे पत्रही ईएसआयचा लाभ संपत आल्यावर द्यायचं, आत्ता नाही. प्रतीवर कंपनीचा शिक्का आणि तारीख घ्या. ते घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. नंतर युएएन (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पासबुकात कारण काय पडलं आहे ते स्वतः तपासा.

याच वेळी ग्रॅच्युइटी मागा. तिला 5 वर्षांची अट असते, ती तुमची पूर्ण झालीच आहे. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची नोकरी दोनच वर्षांची असेल तर त्यांनीही लक्षात ठेवावं की अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ही अट राहत नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000 असेल, तर 12,000 × 15 ÷ 26 × 8, म्हणजे सुमारे 55,385 रुपये.

(पती सरकारी, निमसरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत असते तर उत्तर वेगळं असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 20 प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं झेपेल असं काम द्यावं लागतं, पद नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) पद तयार करून त्यावर ठेवावं लागतं. तिथे तर राजीनामा अजिबातच द्यायचा नाही.)

आता दिव्यांगत्वाचा दाखला. तुम्हाला चारच महिने झाले आहेत. मेंदू किंवा मज्जासंस्थेच्या आजारात मूल्यमापन आजार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी करतात, कारण तोपर्यंत हातापायात सुधारणा होत असते. आत्ता बोर्डासमोर गेलात तर परत पाठवतील, किंवा तात्पुरता दाखला देतील. तोवर स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरून ठेवा. आधारवरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जशी आहे तशीच टाका. मोबाइल नंबर घरातलाच द्या, सेवा केंद्रवाल्याचा नको. कारण तपासणीची तारीख आणि त्रुटीचे निरोप त्याच नंबरवर येतात. सिव्हिलमध्ये किंवा उपजिल्हा रुग्णालयात बोर्डाचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून जा.

अर्ज भरताना एक चूक हमखास होते. पक्षाघाताच्या रुग्णासाठी फक्त "चलनवलन" (हातापायांची हालचाल) हा प्रकार निवडला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकार आहेत, आणि वाचा व भाषेचं दिव्यांगत्व हा त्यातला वेगळा प्रकार आहे. तुमच्या पतींचं बोलणं अडखळतं, म्हणजे दोन्हींची तपासणी मागायला हवी. दोन्हींचे टक्के सरळ बेरजेनं मिळत नाहीत. मोठा आकडा अ आणि लहान ब धरला, तर अ + ब × (90 − अ) ÷ 90 हे सूत्र वापरतात. हाताचे-पायाचे 50 आणि वाचेचे 40 आले तर 90 होत नाहीत. 50 + 40 × 40 ÷ 90, म्हणजे सुमारे 68 होतात. पण नुसतं चलनवलनाचं 35 वर अडकलेलं प्रकरण वाचेचे 20 मिळाले की 47 वर जातं, आणि 40 टक्के हा बहुतेक योजनांचा उंबरठा आहे. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली पण दुसरा चांगला आहे, अशा माणसाला या पद्धतीत 30 टक्केच मिळतात. लोकांना हे अन्यायाचं वाटतं, पण ते डॉक्टरच्या मर्जीवर नसतं.

बोर्डासमोर घरचे लोक प्रेमापोटी नुकसान करतात. डॉक्टर विचारतात, "हात वापरता येतो का?" पेशंट बोलायच्या आधी घरचे म्हणतात, "हो, आता बरंच सुधारलंय, जेवतात स्वतः." कोणत्या हातानं? शर्टाचं बटण उजव्या हातानं लागतं का? पाण्यानं भरलेला पेला उजव्या हातात धरून दोन पावलं टाकता येतात का? बसमध्ये दांडी धरून चढता येतं का, की मागून कुणी ढकलावं लागतं? हे आदल्या दिवशी घरी बघून कागदावर लिहून न्या आणि जे खरं आहे तेच सांगा. वाढवून सांगू नका. डॉक्टर ताकद 0 ते 5 अशा श्रेणीत स्वतः तपासतात, सोंग लगेच कळतं आणि मग खऱ्या तक्रारीवरही विश्वास बसत नाही. सोबत डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, फिजिओथेरपीची नोंद, आणि सध्या उपचार करणाऱ्या डॉक्टरचं अलीकडचं टिपण न्या. टक्के कमी मिळाले असं वाटलं तर त्याच अधिनियमाच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येतं. त्यासाठी दुसऱ्या सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञाचं लेखी मत जोडा, नुसती नाराजी लिहून काही होत नाही.

दाखला तात्पुरता मिळाला तर त्याची मुदत लिहून ठेवा. मुदत संपली की अनुदान थांबतं.

आणि शेवटी तहसील. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं रहिवास. दिव्यांगांसाठी 40 टक्क्यांचा दाखला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 पर्यंत. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2,500 मिळतात, इतर लाभार्थ्यांना 1,500. तुम्हाला "आधी अपंगत्वाचा दाखला" असं सांगितलं ते पूर्ण बरोबर नव्हतं. या योजनेत क्षयरोग, पक्षाघात, प्रमस्तिष्कघात (सेरेब्रल पाल्सी), कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा वेगळा गट आहे. त्याला टक्क्यांची गरज नाही, सरकारी रुग्णालयाचा आजाराचा दाखला पुरतो. पण त्या गटाला उत्पन्नाची मर्यादा 21,000 आणि रक्कम 1,500. म्हणून तुम्ही दिव्यांग गटातूनच जा. आजाराचा गट खरा उपयोगी पडतो तो कर्करोगाच्या रुग्णांना, कारण तो आजार 21 प्रकारांत नाही आणि दिव्यांगत्वाचा दाखला केवळ त्यावरून मिळत नाही. ते लोक सिव्हिलच्या बोर्डाला खेटे घालत बसतात, कुणी त्यांना दुसरं दार सांगतच नाही.

ईएसआयचे 15,200 चालू असताना उत्पन्न 50,000 च्या वर जातं, म्हणून हा अर्ज तो लाभ संपल्यावर. तेव्हा अडचण येते उत्पन्नाच्या दाखल्याची, कारण दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा निघतो आणि त्यात जुनं उत्पन्न दिसतं. कंपनीचं सेवा समाप्तीचं पत्र आणि ईएसआयचा लाभ संपल्याचा कागद जोडून तलाठ्याकडे प्रत्यक्ष चौकशीची लेखी मागणी करा. तरीही नाही झालं तर पुढच्या एप्रिलनंतर नवा दाखला काढा. ईपीएसची पेन्शन उत्पन्नात दाखवा. 1,714 दरमहा म्हणजे वर्षाला 20,568, त्यानं मर्यादा ओलांडत नाही. लपवलेली पेन्शन नंतर सापडली तर अनुदान बंद होतं आणि वसुली निघते. 80 टक्के किंवा त्याहून जास्तीचा दाखला आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचे 300 रुपये त्यात धरले जातात आणि उरलेले राज्य घालतं, त्यामुळे त्यासाठी वेगळी धावपळ करू नका.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारखेसह. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजूर होऊनही पैसे येत नाहीत अशा तक्रारींत बहुतेक वेळा दोष बँकेत असतो. खात्याला आधार जोडलेलं आहे एवढं पुरत नाही, थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खातं आधारशी मॅप झालेलं लागतं. पैसे शेवटी मॅप केलेल्या खात्यात जातात, मग ते तुम्ही विसरलेलं जुनं जनधन खातं असलं तरी. बँकेत "आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे" असं विचारा, नुसतं "केवायसी झालं का" असं नको. लुळ्या हाताचे ठसे मशिनवर उमटत नाहीत, म्हणून आधार केंद्रात आत्ताच डाव्या हाताचे ठसे, डोळे आणि चेहरा अद्ययावत करून घ्या. हयातीचा दाखला तहसील आणि पीएफ दोन्हीकडे वर्षातून एकदा लागतो. पीएफ पेन्शनसाठीचं जीवन प्रमाण दिल्या तारखेपासून 12 महिने चालतं.

अपघातानं अपंगत्व आलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये खात्यातून कापले जात असतील, तर दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, अथवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाल्यास 2 लाख मिळतात, एकच गेल्यास 1 लाख. बँक पासबुकात मे-जूनमधली ही 20 रुपयांची नोंद शोधा. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही याच प्रमाणात रक्कम आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांच्या आत. बांधकाम कामगाराची मंडळाकडे नोंदणी चालू असेल तर 75 टक्के किंवा त्याहून जास्त कायमच्या अपंगत्वाला 2 लाख. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर दावा तिथेच अडतो. पक्षाघात हा आजार असल्यामुळे तुमच्या पतींना यातलं काही लागू होत नाही, त्यामुळे कुणी या योजनांचे फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्यात तुमच्यासाठी काम एकच: पगारपत्रक आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन ईएसआयचा दवाखाना गाठा. तिथला पहिला दाखला हातात पडला की कंपनीला त्याची प्रत द्या, आणि राजीनाम्याचा विषय निघाला तर "आजारपणाच्या रजेवर आहेत" एवढंच लेखी कळवा.